ऑसिलोस्कोपमधील रिकामा खण

शाळेच्या प्रयोगशाळेतील व्होल्टमापक आपणांपैकी प्रत्येकाने हाताळला आहे. त्याच्या तारांची टोके विद्युत् घटाच्या दोन अग्रांना लावली की काटा सरकतो, एका आकड्यापाशी स्थिरावतो आणि आपण तो आकडा वहीत टिपून घेतो. घटाचा दाब बराच वेळ एकसारखा राहतो, म्हणूनच हे साधते. परंतु सर्वच विद्युत् दाब इतके शांत नसतात. आपल्या घरी येणारी वीज एका सेकंदात ५० आवर्तने पुरी करते. आकाशवाणीच्या लहरींची आवर्तने दर सेकंदास लाखांनी मोजावी लागतात. असा चंचल दाब मोजावयाचा तर धातूचा काटा कामाचा नाही. तो जड आहे. हलावयास त्याला वेळ लागतो.

ह्या अडचणीतून ज्या यंत्राने वाट काढली त्याचे नाव ऑसिलोस्कोप, म्हणजे दोलनदर्शक. आज आपणांस त्याच्या एका विशेष भागाची ओळख करून घ्यावयाची आहे. जुन्या काळच्या काही नामांकित ऑसिलोस्कोपांच्या दर्शनी बाजूस एक चौकोनी खण मुद्दाम रिकामा ठेवलेला असे. कारखान्यातून बाहेर पडताना यंत्र पुरे झालेले असे, तरीही त्या खणात काही बसविल्यावाचून त्याचा उपयोग होत नसे. हजारो रुपये किमतीचे यंत्र असे अर्धवट ठेवण्यात काय शहाणपण होते, हे समजून घेणे हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

विजेचे चित्र कसे उमटते

१८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन ह्यांनी ऋण-किरण नलिका बनविली. हवा काढून घेतलेल्या काचेच्या ह्या नळीत एका टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत निघतो आणि समोरच्या पडद्यावर आदळून तेथे प्रकाशाचा ठिपका उमटवितो. वाटेत धातूच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात. एका जोडीला दाब दिला की ठिपका वरखाली सरकतो, दुसरीला दिला की डावीउजवीकडे. इलेक्ट्रॉन इतका हलका, की त्याला वळविण्यास काट्यासारखा वेळ लागत नाही.

आता आडव्या सरकण्याला काळ मानावे आणि उभ्या सरकण्याला मोजावयाचा दाब मानावे. ठिपका ठरलेल्या वेगाने डावीकडून उजवीकडे जातो आणि जाताना दाबाप्रमाणे वरखाली होतो. आपण आलेखाच्या कागदावर काळाच्या अक्षाशी दाब मांडतो, तसाच आलेख पडद्यावर प्रकाशाने आखला जातो. ठिपक्याला आडवा नेणाऱ्या मंडलास काळाधार म्हणू या. ज्या दुबळ्या संदेशाचा आलेख पाहावयाचा त्याला मोठा करणाऱ्या मंडलास विवर्धक म्हणतात. ऋण-किरण नलिका, काळाधार, विवर्धक आणि ह्या सर्वांना वीज पुरविणारे मंडल, हे ऑसिलोस्कोपचे चार मुख्य अवयव होत.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे हॉवर्ड व्होलम, जॅक मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ साली टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी स्थापिली. १९४७ साली तिने ५११ क्रमांकाचा ऑसिलोस्कोप ७९५ डॉलरना विकण्यास आरंभ केला. त्याची कीर्ती लवकरच पसरली आणि तिच्याबरोबर गिऱ्हाइकांच्या मागण्याही येऊ लागल्या. खरी अडचण येथूनच सुरू झाली.

एकच विवर्धक सर्वांस का पुरत नाही

शरीरशास्त्रज्ञाला हृदयाच्या स्पंदनाबरोबर त्वचेवर उमटणारा दाब पाहावयाचा असतो. तो जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टाचा हजारावा भाग असतो; परंतु तो सावकाश बदलतो. दूरचित्रवाणीच्या अभियंत्याचा संदेश ह्याच्या शेकडोपट मोठा असतो. पण तो एका सेकंदात लाखो वेळा बदलतो. पुलाच्या तुळईवर भार पडला असता पोलाद किती ताणले जाते हे तपासणाऱ्या अभियंत्याची गरज आणखी निराळी. मग अतिशय संवेदनशील आणि अतिशय जलद असा एकच विवर्धक बनवून सर्वांना का देऊ नये?

ह्याचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातील रोध आणि धारिता ह्या दोन राशींत आहे. विवर्धकातील प्रत्येक टप्प्यावर एक रोध असतो, आणि तेथील तारा, नळ्या व सांधे मिळून थोडी धारिता आपोआप निर्माण होते. ती कोणी मागितलेली नसते, पण टाळताही येत नाही. अरुंद नळाने रांजण भरावयास जसा वेळ लागतो, तसा ह्या रोधातून त्या धारितेत विद्युत् भार भरावयास वेळ लागतो; आणि तो वेळ रोध व धारिता ह्यांच्या गुणाकाराइतका धरतात. समजा, रोध १००० ओहम आणि धारिता १० पिकोफॅरड आहे. गुणाकार आला १० नॅनोसेकंद. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांश. आता विवर्धन वाढविण्यासाठी रोध दसपट केला. विवर्धन दसपट झाले खरे, पण वेळही १०० नॅनोसेकंद झाला. जितकी संवेदनशीलता अधिक, तितका वेग कमी. निसर्गाने घातलेला हा सौदा आहे.

त्यात आणखी एक भर. इलेक्ट्रॉनांच्या अव्यवस्थित हालचालींमुळे प्रत्येक विवर्धकात थोडी खरखर असतेच, आणि विवर्धक जितका जलद तितकी ती अधिक आत शिरते. हृदयाचा मिलिव्होल्ट जलद विवर्धकात घातला तर त्या खरखरीतच बुडून जाईल.

म्हणून टेक्ट्रॉनिक्सने ५११ नंतर लवकरच ५१२ हा वेगळा ऑसिलोस्कोप काढला. तो ५११ पेक्षा मंद, परंतु अधिक संवेदनशील होता. शास्त्रीयदृष्ट्या हे योग्यच झाले. पण विकत घेणाऱ्याचा विचार करा. ज्या प्रयोगशाळेत दोन्ही प्रकारची कामे चालतात, तिने दोन संपूर्ण यंत्रे घ्यावीत काय? दोहोंतही ऋण-किरण नलिका आहे, काळाधार आहे, वीज पुरविणारे जड रोहित्र आहे. फरक काय तो विवर्धकाच्या पुढच्या भागात. एका भागासाठी सबंध यंत्र पुन्हा घेणे श्रीमंत संस्थेला एक वेळ परवडेल. लहान महाविद्यालयाला एका विषयाचे संशोधन सोडूनच द्यावे लागेल.

१९५४ साली काढलेली तोड

ह्यावर टेक्ट्रॉनिक्सने १९५४ साली ५३१ आणि ५३५ ह्या ऑसिलोस्कोपांत तोड काढली. विवर्धकाचा जो पुढचा भाग कामागणिक बदलावा लागतो तेवढाच यंत्रातून कापून वेगळा केला, त्याची एक सुटी पेटी केली, आणि मुख्य यंत्रात तिच्यासाठी खण ठेवला. ह्या सुट्या पेटीस प्लग-इन म्हणतात. कपाटाच्या खणात डबा सरकवावा तशी ती समोरून आत सरकवावयाची आणि खालच्या मध्यावरील मळसूत्री मूठ फिरवून घट्ट करावयाची. असे करताना पेटीच्या मागील सोळा संपर्कांची जोडणी खणाच्या तळाशी असलेल्या जोडणीत बरोबर बसते. पुढील वर्षी ह्याच पद्धतीची ५४१ आणि ५४५ ही अधिक जलद यंत्रे आली. ती दर सेकंदास ३ कोटी आवर्तनांपर्यंत, म्हणजे ३० मेगॅहर्ट्‌झपर्यंत, काम देत.

पेट्यांना रोमन वर्णमालेतील अक्षरांची नावे होती. 'बी' ही सर्वसाधारण कामाची. 'के' जलद संदेशांसाठी. 'डी' आणि 'ई' ह्या दुबळ्या संदेशांसाठी. पैकी 'ई' इतकी संवेदनशील की ५० मायक्रोव्होल्टांनी ठिपका पडद्यावर एक सेंटिमीटर सरके. ह्या दोन पेट्यांत आणखी एक सोय होती. त्या दोन तारांवरील दाबांची वजाबाकी करीत. हृदयाचा दाब मोजताना रोग्याच्या शरीरावर आसपासच्या वीजतारांचाही दाब उमटतो. परंतु तो दोन्ही तारांवर सारखाच येत असल्यामुळे वजाबाकीत नाहीसा होतो आणि हृदयाचा तेवढा शिल्लक राहतो. 'क्यू' ही पेटी पोलादाच्या ताणासारख्या यांत्रिक बदलांचे मापन करण्यासाठी. 'सी-ए' पेटी एकाच पडद्यावर दोन संदेश दाखवी, आणि 'एम' पेटी चार.

शरीरशास्त्रज्ञाने 'ई' पेटी घ्यावी, दूरचित्रवाणीच्या अभियंत्याने 'के' घ्यावी. दोघे एकाच संस्थेत असतील तर मुख्य यंत्र एकच पुरे. ज्याची पाळी असेल त्याने आपली पेटी बसवावी.

खण म्हणजे एक करार

वरवर पाहता खण म्हणजे मोकळी जागा. वस्तुतः यंत्राचा सर्वांत काटेकोर भाग तोच होय. घरातील भिंतीवरील विजेच्या सॉकेटचे उदाहरण घेऊ या. त्याची भोके कोठे असावीत, त्यांत दाब किती यावा, हे एकदा ठरले आणि त्यात फरक होत नाही. पलीकडे वीज कोठून येते ह्याच्याशी पंख्याला कर्तव्य नाही. अलीकडे पंखा आहे की इस्त्री ह्याच्याशी वीजघराला कर्तव्य नाही. मधला सांधा अचल आहे, म्हणूनच दोन्ही बाजूंना बदलण्याची मोकळीक आहे.

ऑसिलोस्कोपच्या खणातही असेच ठरवावे लागले. पेटीची लांबी, रुंदी व उंची ठरली. सोळा संपर्कांपैकी कोणता कशासाठी हे ठरले. त्या काळी विवर्धक निर्वात नळ्यांचे असत व त्यांना बरेच उंच दाब लागत. ते मुख्य यंत्राने पुरवावेत असे ठरले. पेटीने आपला संदेश किती मोठा करून सोपवावा, म्हणजे पडद्यावर तो एक सेंटिमीटर दिसेल, हेही ठरले. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. 'ई' पेटीत ५० मायक्रोव्होल्ट आले काय किंवा 'बी' पेटीत २० व्होल्ट आले काय, खणाच्या तळाशी पोचेपर्यंत दोघांचे एकच माप झालेले असावयाचे. त्यामुळे आत काय आले होते हे मुख्य यंत्राला ठाऊक असण्याची गरजच उरली नाही.

ये-जा एकाच दिशेने होती असेही नाही. 'सी-ए' पेटीचे पाहा. झोत एकच, संदेश दोन. एका फेरीत पहिला संदेश आणि दुसऱ्या फेरीत दुसरा असे आळीपाळीने दाखविले, तर डोळ्यास दोन्ही एकदम दिसतात. परंतु फेरी केव्हा संपली हे पेटीला कळावे कसे? काळाधार तर मुख्य यंत्रात. म्हणून प्रत्येक फेरीच्या शेवटी मुख्य यंत्राकडून पेटीकडे एक इशारा येई, आणि त्यासाठीही खणात एक संपर्क राखून ठेवला होता.

पेटी बदलली की एक लहानसा विधी करावा लागे. दोन यंत्रे कितीही सारखी बनविली तरी तंतोतंत एक नसतात. मुख्य यंत्रात ठरलेल्या मापाचा चौकोनी लहरीचा दाब देणारे एक मंडल असे. तो दाब पेटीला द्यावयाचा आणि पेटीच्या दर्शनी बाजूवरील एक स्क्रू फिरवून पडद्यावरील उंची बरोबर जुळवावयाची. तंबोरा नव्या बैठकीत पुन्हा जुळवून घ्यावा, तसेच हे. जो हे विसरे त्याची मापने चुकत, आणि ती चुकली आहेत हे त्यास समजतही नसे.

ज्याची कल्पना नव्हती असा पाहुणा

कराराची खरी परीक्षा तो करताना डोळ्यांपुढे नसलेल्या प्रसंगी होते. १९५४ नंतर काही वर्षांतच ट्रान्झिस्टर आणि संगणक ह्यांचे काम इतके जलद झाले की एका नॅनोसेकंदाच्या आतबाहेर घडणाऱ्या घटना पाहण्याची गरज पडू लागली. ३० मेगॅहर्ट्‌झच्या यंत्राला हे सर्वथा अशक्य. त्याच्या ठिपक्याला नुसते वर चढावयासच सुमारे १२ नॅनोसेकंद लागत.

ह्या वेळी 'एन' नावाची पेटी आली. तिची युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. समजा, एक संदेश पुनःपुन्हा अगदी तसाच येत आहे. पहिल्या खेपेस त्याच्या आरंभीचा एक क्षण टिपून घ्यावा. दुसऱ्या खेपेस किंचित पुढचा क्षण टिपावा, तिसऱ्या खेपेस त्याहून पुढचा. अशा शेकडो खेपांतून टिपलेले ठिंपके ओळीने मांडले की संपूर्ण आकृती तयार होते. संदेश कितीही जलद असला तरी ठिपके मात्र सावकाश मांडता येतात, आणि ते मांडण्यास ३० मेगॅहर्ट्‌झचे यंत्र पुरून उरते. ह्या पेटीमुळे सुमारे ०.६ नॅनोसेकंदात चढणारे संदेश जुन्याच पडद्यावर दिसू लागले. अट एकच की संदेश पुनःपुन्हा येणारा हवा. एकदाच घडून जाणारी घटना असे टिपून पाहता येत नाही.

ही पद्धत सामावून घेण्यासाठी मुख्य यंत्र बदलावे लागले नाही. खणाच्या तळाशी ठरलेल्या मापाचा संदेश मिळाला, एवढेच त्याने पाहिले.

सांधा कोठे असावा

तथापि यंत्र नेमके ह्याच ठिकाणी कापावे असा काही नियम नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी टेक्ट्रॉनिक्सच्याच ५६० मालिकेत निराळा विचार झाला. तेथे मुख्य यंत्रात जवळजवळ ऋण-किरण नलिका आणि वीजपुरवठा एवढेच ठेवले. खण दोन: एक उभ्या सरकण्यासाठी, एक आडव्या सरकण्यासाठी. विवर्धक शेवटच्या टप्प्यापर्यंत सबंध पेटीतच, आणि पेटीतून निघालेला दाब थेट नलिकेतील पट्ट्यांवर जाई. ह्यामुळे मुख्य यंत्र साधे व स्वस्त झाले. पुढे ५६४ ह्या यंत्रात चित्र टिकवून धरणारी नलिका बसविली, तेव्हा जुन्या पेट्या तिलाही चालल्या.

पण ह्या व्यवस्थेस मर्यादा होती. पट्ट्यांना लागणारा मोठा दाब जोडणीतून व लांब तारांतून न्यावयाचा, आणि तेथे ती न मागितलेली धारिता पुन्हा आडवी येते. म्हणून ही मालिका अतिजलद कामासाठी नव्हती. सांधा एका बाजूस सरकविला की सोय एकीकडे वाढते आणि अडचण दुसरीकडे.

जुना करार कायम ठेवून अधिक जलद होण्याचा प्रयत्नही झाला. ५८१ आणि ५८५ ह्या यंत्रांचा खण नवा होता; अक्षरनामांकित पेट्या त्यात सरळ बसत नसत. मात्र ८१ क्रमांकाचा एक दुवा मध्ये घातला की त्या चालत. दोन भाषांच्या माणसांमध्ये दुभाष्या असावा तसा हा दुवा. संभाषण होई, पण यंत्राच्या पूर्ण वेगाचा लाभ त्या पेट्यांना मिळत नसे.

शेवटी १९६९ साली ७००० मालिका आली आणि सर्व करार नव्याने लिहिला गेला. तोवर निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरांनी व एकात्मिक मंडलांनी घेतली होती, त्यामुळे उंच दाबांची गरज संपली. ७७०४ ह्या यंत्रात खण चार: दोन उभ्या दिशेसाठी, दोन आडव्या. खणातून जाणारा संदेश मुद्दाम लहान ठेवला आणि त्याची वाट ५० ओहमच्या जुळविलेल्या मार्गाने आखली. लहान संदेश व जुळता मार्ग असला की धारितेचा अडथळा फारसा बाधत नाही. ह्या दूरदृष्टीचे फळ पुढे दिसले. ७७०४ हे यंत्र १५० मेगॅहर्ट्‌झचे होते; १९७२ सालचे ७९०४ हे ५०० मेगॅहर्ट्‌झचे; आणि त्या दशकाच्या अखेरीस आलेले ७१०४ हे १००० मेगॅहर्ट्‌झचे. वेग सुमारे सातपट झाला, पण खण तोच राहिला.

ह्या करारात एक नवे कलम होते. पूर्वी पडद्यावरील एका चौकटीची किंमत किती हे समजण्यास पेटीवरील बटणाकडे पाहावे लागे. आता पेटी आपली स्थिती स्वतः सांगू लागली. मुख्य यंत्र दहा क्षणांत दहा प्रश्न विचारी. प्रत्येक प्रश्नास पेटी दोन तारांवरून दोन प्रवाह धाडून उत्तर देई. प्रवाह मिलिअँपिअरच्या दशांशाच्या पायऱ्यांनी बदले. आपण नकाशावरील गाव उभ्या व आडव्या रकान्यांवरून शोधतो, तसे त्या दोन प्रवाहांवरून मुख्य यंत्र अक्षरांच्या कोष्टकातील एक अक्षर निवडी आणि त्याच झोताने ते पडद्यावर लिही. ही रचना बॅरी गिल्बर्ट ह्या अभियंत्याची. ती होती म्हणूनच ७डी१३ ही पेटी आपला आकडा लिहिण्यास ऑसिलोस्कोपच्या पडद्याचा उपयोग करू शकली. तिच्या योगे विद्युत् दाब, प्रवाह, रोध आणि तापमानही मोजता येई. ७एल१२ ही दोन खण व्यापणारी पेटी संदेशातील निरनिराळ्या कंप्रता वेगळ्या करून दाखवी.

खणाची किंमत

आतापर्यंत खणाचे गुण पाहिले. त्याचे मोलही पाहिले पाहिजे, नाहीतर आपला अभ्यास एकांगी होईल.

पहिली किंमत वेगाची. संदेशाला चढावयास पेटीत ३ नॅनोसेकंद व मुख्य यंत्रात ४ नॅनोसेकंद लागत असतील, तर दोन्ही मिळून किती लागतील? उत्तर सात नव्हे. तीनचा वर्ग नऊ, चारचा वर्ग सोळा. बेरीज पंचवीस, तिचे वर्गमूळ पाच. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाप्रमाणे हे वेळ एकत्र येतात. तथापि पाच हे चारपेक्षा अधिकच, म्हणजे प्रत्येक जादा टप्पा व प्रत्येक सांधा थोडा वेग घेतोच.

दुसरी किंमत भाराची. पेटी कोणतीही येवो, तिला पुरेल इतकी वीज देण्याची तयारी मुख्य यंत्राने ठेवावी लागते. पंगतीस कोण किती जेवील हे ठाऊक नसले की स्वयंपाक अधिकच करावा लागतो. ५४५ चे वजन ३० किलोग्रॅमच्या आसपास असे. असली यंत्रे चाकांच्या गाड्यावर ठेवून फिरवीत.

तिसरी किंमत बांधिलकीची. जुन्या खणाच्या पेट्या ५६० मालिकेत बसत नसत, आणि ५६० च्या पेट्या ७००० मध्ये बसत नसत. करार जितका काळ टिकतो तितका काळ तो बचत करतो. तो मोडला की जमविलेल्या साऱ्या पेट्या एका दिवसात जुन्या होतात. म्हणूनच तो वारंवार मोडता येत नाही, आणि म्हणूनच पहिल्यांदा करताना फार विचार करावा लागतो.

ह्या किमती जेथे परवडत नाहीत तेथे खण नसावा हेच योग्य. १९६५ साली टेक्ट्रॉनिक्सनेच ४५३ हा ५० मेगॅहर्ट्‌झचा ऑसिलोस्कोप काढला. त्यात खण मुळीच नव्हता. संगणकाच्या दुरुस्तीस गावोगाव जाणाऱ्या तंत्रज्ञांना तो हातात धरून नेता यावा हा त्याचा उद्देश. काम ठरलेले होते आणि वजन कमी हवे होते. ५४७ आणि ४५३ ही दोन्ही यंत्रे एकाच कारखान्याने एकाच दशकात बनविली, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती.

आजचे बहुतेक ऑसिलोस्कोप संदेशाचे अंकांत रूपांतर करून आतील संगणकाकडून त्याचे चित्र काढवितात. नवे काम शिकवावयाचे तर पुष्कळदा नवी आज्ञावली भरली की पुरते. पेटी बदलावी लागत नाही. काही अतिजलद मापनयंत्रांत मात्र खण अद्याप ठेवतात, कारण संदेशाचा पहिला स्पर्श जेथे होतो तेथील रोध व धारिता आज्ञावलीने बदलत नाहीत.

जुनी यंत्रे अजूनही जुन्या बाजारात किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या कोठारात आढळतात. तुमच्या पाहण्यात आले तर बाहेरून अवश्य पाहा, पण झाकण उघडू नका. ५४५ सारख्या यंत्रात १०,००० व्होल्टांचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत भार उरतो. पेटी काढणे-घालणे हेही यंत्र बंद करून आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे.

ह्या अभ्यासातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे काय लागेल हे १९५४ सालच्या त्या अभियंत्यांना पूर्णपणे कळणे शक्य नव्हते. त्यांनी भविष्य ओळखण्याचा आव आणला नाही. कोणती गोष्ट बदलत राहील आणि कोणती टिकेल एवढेच त्यांनी नीट पारखले. टिकणारी गोष्ट काटेकोरपणे ठरविली आणि बदलणारीसाठी जागा मोकळी सोडली. एखाद्या लहान प्रयोगशाळेला एकाच यंत्रावर दोन निरनिराळे विषय शिकता आले, ते ह्या पारखीमुळे. तुम्हांपैकी जे पुढे यंत्रे बनवतील त्यांना हा विचार उपयोगी पडेल. जे दुसरे काही करतील त्यांनाही तो निरुपयोगी ठरणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१. पेटीस संदेश चढविण्यास ६ नॅनोसेकंद व मुख्य यंत्रास ८ नॅनोसेकंद लागतात. दोन्ही मिळून किती लागतील? पेटी दुप्पट जलद केली तर एकूण वेळ निम्मा होईल काय?

२. मेघांतून एकदाच चमकून जाणाऱ्या विजेचा अभ्यास 'एन' पेटीने करता येईल काय? कारण द्या.

३. सायकल, शिवणयंत्र किंवा स्वयंपाकघरातील एखादे यंत्र घ्या. त्याचा कोणता भाग काढून दुसरा बसविता येतो? त्या दोन भागांमधील सांध्यात कोणकोणत्या गोष्टी ठरलेल्या आहेत, त्याची यादी करा.